तो स्टिकर वॉटरसनचा नव्हे

परवा रामबागेत पोहे खाताना समोरच्या मोटारीच्या मागच्या काचेवर तोच पोरगा, 'कॅल्विन अँड हॉब्स' या अमेरिकी चित्रपट्टीतला कॅल्विन, दिसला: ताठ उभे केस, मान वळवून खट्याळ हसत लघवी करणारा. "कॅल्विनच्या चित्रकारानं या स्टिकरांवरच बक्कळ कमावलं," हे इंदुरात कितीदा ऐकलंय! साफ चूक. ते स्टिकर चोरीचे. ती पट्टी काढणाऱ्या बिल वॉटरसननं त्यांना कधीच परवानगी दिली नाही. कॅल्विनचं चित्र असलेले चहाचे मग, बाहुल्या यांनाही तो नाहीच म्हणत राहिला. करारानं अशा वस्तू काढायचे हक्क सिंडिकेटकडे, म्हणजे वर्तमानपत्रांना चित्रपट्ट्या विकणाऱ्या कंपनीकडे होते, तरी वर्षानुवर्षं भांडून त्यानं करार बदलून घेतला. (कोट्यवधींवर पाणी! सराफ्यात हे कुणाला पटायचं नाही.) किरकोळ अपवाद वगळता कमाई वर्तमानपत्रांतली चित्रपट्टी आणि पुस्तकं यांचीच. १९८५ मध्ये सुरू केलेली ती पट्टी ३१ डिसेंबर १९९५ ला त्यानं स्वतःच थांबवली.