ठोसा निघण्याआधीचा क्षण

सरावलेल्या मुष्टियोद्ध्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, निघाल्यापासून चेहऱ्यावर आदळेपर्यंत साधारण ०.१ सेकंद जातो. याउलट डोळ्यांना काही दिसल्यावर हात हलायला, संकेत एकच आणि प्रतिसादही ठरलेला असला तरी, माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. त्यातच येणारा ठोसा जॅब की हूक (बाजूने वळून येणारा ठोसा), डोक्यावर की बरगड्यांवर, असे पर्याय वाढले की हा वेळ आणखी वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ साली प्रयोगांतून मांडले. तरीही रिंगमध्ये ठोसे चुकवले जातात, कारण मुरलेला बॉक्सर मुठीच्या आधी हलणाऱ्या खांद्या-कमरेवरून अंदाज बांधतो. प्रतिस्पर्ध्याच्या लढतींचे व्हिडिओ पाहायचे ते या अंदाजासाठी.

ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या बॉक्सिंग वर्गात हे काम आता मोबाइलवरही होऊ शकते. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रे टिपतो, त्यामुळे एका जॅबच्या वाट्याला जेमतेम तीन चित्रे येतात आणि त्यांतही मूठ पुसट दिसते. सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये तोच जॅब चोवीस चित्रांवर पसरतो. मग उजवा ठोसा मारण्यापूर्वी मागची टाच उचलली जाते का, कोपर बरगडीपासून सुटते का, हे तपासता येते. त्याहून उपयोगी युक्ती म्हणजे ठोसा निघण्याच्या बेतात असतानाच व्हिडिओ थांबवून ‘आता काय येणार?’ असे खेळाडूला विचारणे. खेळाडूंच्या पूर्वानुमानाचा अभ्यास करणारे संशोधकही हीच पद्धत वापरतात. नुसते तासन्‌तास पाहत बसण्याचा, माझ्या मते, फारसा उपयोग नाही.

या अभ्यासाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९३६ सालचे आहे. तोवर व्यावसायिक रिंगणात अजिंक्य असलेल्या जो लुईसच्या फिल्म पाहून जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने हेरले, की जॅब मारून परतताना लुईसचा डावा हात खाली येतो. त्या उघड्या पडणाऱ्या बाजूवर उजव्या हाताचे ठोसे मारत त्याने बाराव्या फेरीत लुईसला नॉकआउट केले. मात्र १९३८ च्या फेरलढतीत लुईसने त्याला पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत संपवले.

सवयी बदलू शकतात, म्हणून जुन्या व्हिडिओवर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच. शिवाय त्यात दिसणारी शैली त्या दिवशी समोर कोण होता यावरही अवलंबून असते. उजव्या हाताच्या खेळाडूशी पुढे सरसावून लढणारा डावखुऱ्यासमोर बचावात्मक होऊ शकतो. त्यामुळे डावखुऱ्या बॉक्सरने प्रतिस्पर्ध्याच्या इतर डावखुऱ्यांशी झालेल्या लढती आधी शोधाव्यात. हौशी स्पर्धेत तर एक लढत जिंकल्याशिवाय पुढचा प्रतिस्पर्धी नक्की होत नाही आणि हाती अनेकदा एखादी संध्याकाळच असते, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या दोनच सवयी निवडून त्यांवरची उत्तरे प्रशिक्षकाने पॅडवर, म्हणजे हातात धरलेल्या गादीवर ठोसे मारायला लावून, घोटून घ्यावीत. लढतीत त्या सवयी टिकून आहेत का, हे पहिल्या फेरीत हुलकावणी देऊन ताडता येते, आणि नसतील तर बेत तिथेच बदलावा लागतो.