सिकलसेल वाहकत्व आणि मूत्रपिंडविकारातील रक्तक्षय

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार. त्याचे जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आले तर व्यक्ती वाहक (‘एएस’) ठरते, दोघांकडून आले तर पीडित (‘एसएस’). वाहकाच्या रक्तात हिमोग्लोबिन एस (सिकलसेलचे सदोष हिमोग्लोबिन) साधारण ३५ ते ४० टक्के असते, उरलेले बहुतांशी नेहमीचे हिमोग्लोबिन ए. एवढ्याने रक्तक्षय होत नाही. म्हणून किडनीच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन ८ वर (ग्रॅम प्रति डेसिलिटर) आले आणि त्याच्या सिकलसेल तपासणीच्या कार्डावर ‘एएस’ लिहिले आहे, तर दोष सिकलसेलला देऊन तपास तिथेच थांबवणे चुकीचे आहे. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात वाहक पुष्कळ आहेत. तिथे याचे भान जास्तच हवे.

अशा रुग्णाचे रक्त कमी होते ते मुख्यतः निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडामुळे. अस्थिमज्जेला रक्तपेशी बनवण्याचा इशारा देणारे, मूत्रपिंडातच तयार होणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अपुरे पडते. लोहाचे नियमन करणारे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढल्याने लोह साठ्यात अडकते. फेरिटिन (लोहसाठ्याचे मोजमाप) भरपूर दिसते, पण ट्रान्सफेरिन सॅचुरेशन (रक्तात वापरासाठी उपलब्ध लोहाचे प्रमाण) २० टक्क्यांखाली असते. डायलिसिसवर दर वेळी थोडे रक्त नळ्यांत राहते, ते वेगळेच.

तरीही वाहकत्व अगदी निरुपद्रवी नाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात, मज्जाभागात, प्राणवायू कमी, क्षार दाट आणि आम्लता जास्त असते. रक्तपेशीतले पाणी तिथे खेचले जाते, हिमोग्लोबिन एस आणखी दाटते आणि एरवी सुरळीत वाहणाऱ्या वाहकाच्या पेशीही विळ्यासारख्या वाकतात. बारीक वाहिन्या हळूहळू बुजतात. लघवी दाट करण्याची क्षमता घटते, कधी लघवीतून रक्त जाते, बहुधा डाव्या मूत्रपिंडातून. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पाच अभ्यासगटांवरील, सुमारे १६ हजार लोकांच्या २०१४ सालच्या विश्लेषणात वाहकांना दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची शक्यता दीडपटीहून थोडी जास्त आढळली. तिथल्याच डायलिसिस रुग्णांत सिकलसेल किंवा हिमोग्लोबिन सीच्या (हिमोग्लोबिनचा आणखी एक बदललेला प्रकार) वाहकांना रक्तवाढीच्या, म्हणजे एरिथ्रोपोएटिनसारख्या औषधाच्या, इंजेक्शनचा डोस सुमारे १३ टक्के जास्त लागला. हे आकडे भारताला जसेच्या तसे लावू नयेत: मूत्रपिंडाला घातक ठरणारे एपीओएल१ जनुकाचे प्रकार आफ्रिकी वंशात बरेच आढळतात, आपल्याकडे जवळपास नाहीत. उलट आपल्या आदिवासी समाजांत अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनवणारा आनुवंशिक दोष) सोबत असणे नेहमीचे. त्याने हिमोग्लोबिन एसचे प्रमाण घटते आणि पेशी लहान दिसतात, जणू लोहच कमी आहे. त्यामुळे पेशींचा आकार पाहून लोह सुरू करू नये, लोहाच्या तपासण्या कराव्यात. आणि लोह खरोखर कमी असेल तर केवळ वाहक आहे म्हणून ते अडवूनही धरू नये.

निदानातही एक खाच आहे. गावपातळीवरची सोल्युबिलिटी चाचणी (हिमोग्लोबिन एस आहे का एवढेच पाहणारी प्राथमिक चाचणी) वाहक आणि पीडित यांत फरक करत नाही, आणि हिमोग्लोबिन फार खाली असेल तर ती खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. किडनीच्या रुग्णांत हे घडण्याजोगे आहे. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करावी, तेही रक्त चढवण्यापूर्वी, कारण दात्याचे रक्त मिसळले की प्रमाणे बदलतात.

‘एसएस’ रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याचा रक्तक्षय मुळातच सिकलसेलचा असतो, मूत्रपिंडविकार त्यात भर घालतो. इंजेक्शनचा डोस बराच मोठा लागतो, पण हिमोग्लोबिन १० च्या वर नेले तर रक्त घट्ट होऊन वेदनेचे झटके येण्याचा धोका वाढतो. वाहकाला ही मर्यादा लागू नाही. त्याचे उपचार इतर मूत्रपिंड रुग्णांप्रमाणेच होतात.