इर्व्हाइनच्या पाणथळीत हमिंगबर्ड टिपताना

सॅन होआकिन अभयारण्यातल्या आमच्या सकाळच्या फोटोफेरीसाठी नाव नोंदवलंत, आभार. येण्याआधी एवढं वाचून या.

कॅलिफोर्नियातल्या इर्व्हाइनमधली, ऐन शहरातली ही सुमारे 300 एकर जागा तिथल्या पाणीपुरवठा संस्थेची, इर्व्हाइन रँच वॉटर डिस्ट्रिक्टची आहे. सॅन दिएगो क्रीक या ओढ्याचं पाणी तळ्यांत घेतात, पाणकणसाच्या दाटीतून जाताना त्यातलं नायट्रेट कमी होतं आणि मग ते न्यूपोर्टच्या खाडीकडे सोडलं जातं. तळ्यावर बगळे-बदकं असणारच, पण हमिंगबर्ड कशाला येतील, असं बरेच जण विचारतात. चिलटांसाठी! मकरंदातून त्यांना उडायची ताकद मिळते. प्रथिनांसाठी मात्र किडेच लागतात.

वर्षभर दिसतात त्या हमिंगबर्डच्या दोन जाती, ॲनाज आणि ॲलन्स. वसंतात रूफस जातीचे हमिंगबर्डही इथून उत्तरेकडे जातात. रूफस आणि ॲलन्सच्या माद्या नुसत्या पाहून ओळखणं जाणकारांनाही जड जातं, त्यामुळे त्यावर आम्ही वाद घालत बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. फुलामागून फुलाकडे धावू नका, नराची बसायची जागा हेरा. उघड्या फांदीचं एखादं टोक त्याने धरलेलं असतं. तिथून तो दुसऱ्यांना हुसकावतो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो. फोकस तिथे लावून, सूर्य पाठीशी घेऊन थांबा. ॲनाजच्या नराचा गळा आणि डोकं गुलाबी दिसतं ते पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे. प्रकाशाचा कोन चुकला की तोच पक्षी काळपट दिसतो. त्याने मान वळवली की लगेच बर्स्ट दाबा, म्हणजे सलग फोटो निघतील.

हवेत स्थिर असताना पंख सेकंदाला 40 ते 50 वेळा हलतात. ते गोठवायचे तर 1/3200 सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर. आम्हाला स्वतःला 1/1000 ला मिळणारे पुसट पंख जास्त आवडतात. त्यात उडणं जाणवतं. लेन्स 400 मिमीची पुरते. ॲनाजचा नर सरळ उंच चढू लागला तर कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा: तो सूर मारतो आणि तळाशी 'चीक' असा आवाज येतो, तो शेपटीच्या पिसांचा.

डिसेंबरपासूनच वीण सुरू होते. कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं घरटं अक्रोडाएवढं असतं, त्यात दोन अंडी, आणि मादी एकटीच सगळं बघते. घरटं दिसलं तर लांबूनच पुढे निघायचं. फांदी बाजूला सारणं, फ्लॅश, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं, यातलं काहीही आमच्या फेरीत चालणार नाही.

भारतातून आलेल्या आई-बाबांना जरूर आणा. कॅमेऱ्यापेक्षा दुर्बिणीतून त्यांना जास्त मजा येते. कुत्र्यांना आत सोडत नाहीत. लेन्स भाड्याने हवी असेल तर आदल्या दिवशी कळवा, कॅमेऱ्याचं मॉडेल लिहायला विसरू नका.