अनुभव-शंकूवरील टक्केवारी एडगर डेल यांची नाही

वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के आणि स्वतः केलेले ९० टक्के लक्षात राहते, असे सांगणारा तक्ता शिक्षक-प्रशिक्षणांत वर्षानुवर्षे दाखवला जातो आणि त्याचे श्रेय अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक एडगर डेल यांना दिले जाते. हे खरे नाही. डेल यांनी १९४६ मध्ये दृक्-श्राव्य अध्यापनावरील पुस्तकात जो ‘अनुभव-शंकू’ मांडला, त्यात तळाशी प्रत्यक्ष अनुभव आणि टोकाला शब्द होते, पण टक्केवारी एकही नव्हती. हे आकडे १९६७ मध्ये एका दृक्-श्राव्य नियतकालिकात कोणत्याही प्रयोगाच्या आधाराविना छापले गेले. सगळेच दहाच्या पटीत आहेत, एवढ्यावरूनही शंका यायला हवी होती.

या तक्त्यामुळे वाचन दुय्यम ठरते, हे मला अधिक गंभीर वाटते. चित्राचा उपयोग निश्चित आहे, मात्र तो शब्दांच्या जागी नव्हे, शब्दांच्या सोबतीने होतो. जलचक्राची आकृती फळ्यावर टप्प्याटप्प्याने काढत तोंडी समजावली, की डोळे आणि कान एकाच आशयावर काम करतात; त्यानंतर विद्यार्थ्यांनी वही मिटून तेच चक्र आपल्या शब्दांत सांगितले, तर आठवण्याच्या त्या प्रयत्नानेच ते पक्के होते.