शिडाची नौका फ्रान्सच्या कालव्यांतून नेण्याची पूर्वतयारी

शिडाच्या नौकेची डोलकाठी उतरवून, ती नौकेवरच आडवी बांधून, केवळ इंजिनाच्या बळावर कालवे आणि नद्या यांतून एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाण्यासाठी करावी लागणारी तयारी. इंग्लिश खाडीतून भूमध्य समुद्रात जायचे तर एक वाट बाहेरची आहे : बिस्केचा उपसागर ओलांडायचा, पोर्तुगालचा किनारा उतरायचा आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून आत शिरायचे. दुसरी वाट फ्रान्सच्या पोटातून जाते. तिच्यावर लाटा नाहीत, वादळे नाहीत. पण दीडशेहून अधिक लॉक आहेत, ठेंगणे पूल आहेत आणि कीलखाली, म्हणजे नौकेच्या तळाच्या कण्याखाली, जेमतेम वीतभर पाणी आहे. समुद्रासाठी घडवलेली नौका या वाटेवर परकी असते. तिला काही आठवड्यांपुरती ठेंगणी, बोथट कडांची मोटरनौका बनवणे हा सगळ्या तयारीचा गाभा आहे.

मराठीत कालवा म्हटला की पाटाचे पाणी डोळ्यांपुढे येते. नीरेचा किंवा मुठेचा कालवा शेताला पाणी देण्यासाठी खोदलेला असतो आणि त्यातले पाणी उताराने वाहत राहते. जलवाहतुकीच्या कालव्यात पाणी जवळजवळ उभे असते. चढउतार येतो तिथे जलपाश, म्हणजेच लॉक, बांधलेले असते : दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद. नौका आत घ्यायची, मागची दारे लावायची, पाणी भरायचे किंवा सोडायचे आणि पुढची दारे उघडायची. मुंबईच्या इंदिरा गोदीच्या तोंडाशी असे लॉक आहे. तिथे ते भरती-ओहोटीतला फरक सांभाळते. फ्रान्समध्ये तीच युक्ती नौकेला डोंगर चढवते. बुर्गोन्य कालव्याचा माथा समुद्रसपाटीपासून ३७८ मी. उंचीवर आहे.

मार्ग : ल हाव्र येथे सेन नदीत शिरून रूआं, मग पॅरिस, आणि पॅरिसच्या पुढे तीन फाटे. पहिला ल्वांग, ब्रियार, ल्वारचा समांतर कालवा आणि सांत्र कालवा असा जोडत शालोंजवळ सोन नदीला मिळतो. याच फाट्यावर १८९६ साली खुला झालेला ब्रियारचा ६६२ मी. लांबीचा जलसेतू आहे. खाली ल्वार नदी वाहत असते आणि तिच्या डोक्यावरून नौका जाते. दुसरा बुर्गोन्य कालवा, २४२ किमी. आणि १८९ लॉक. तिसरा मार्न नदीवरून शांपान्य-बुर्गोन्य कालव्याचा, २२४ किमी. आणि ११४ लॉक. तिन्ही वाटा सोन नदीत उतरतात. पुढे ल्योंपाशी सोन ऱ्होनला मिळते आणि ऱ्होन पोर-सँ-लुईपर्यंत नेते. अटलांटिकच्या बाजूने येणाऱ्यांना बोर्दोवरून गारोन नदीचा समांतर कालवा आणि त्यापुढे १६८१ साली खुला झालेला मिदी कालवा घेता येतो. पिएर-पोल रिके यांनी बांधवलेला हा कालवा १९९६ पासून जागतिक वारसा आहे. तो अतिशय देखणा आहे, पण खोल कीलच्या नौकांसाठी उथळ आहे.

मापे : वाट निवडण्याचा निर्णय नकाशावर होत नाही, तो आपल्या नौकेच्या मापांवर होतो. १८७९ साली सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या कायद्याने मुख्य कालव्यांची मापे एकसारखी ठरवली. लॉकची रुंदी ५.२० मी. आणि लांबी ३८.५ मी.हून थोडी अधिक. खोली अशी की १.८० मी. पाण्यात बसणारा मालवाहू पडाव जाऊ शकेल. पुलांखाली साधारण ३.५० मी. मोकळीक धरतात. साधारण शिडाच्या नौकेला लांबीची अडचण सहसा येत नाही. रुंदीची येते ती दोन धडांच्या कॅटॅमरॅनना. बहुतेक आधुनिक कॅटॅमरॅन ५ मी.पेक्षा रुंद असल्यामुळे त्यांना ही वाट बंदच आहे.

खोलीचा आकडा मात्र कागदावरचा आहे. तळाशी गाळ साचतो, उन्हाळ्यात माथ्याच्या तलावांतले पाणी घटते आणि प्रत्यक्षात मिळणारी खोली कमी होते. समोरून पडाव आला की नौकेला कडेला सरकावे लागते आणि कालव्याच्या कडा उतरत्या असतात, त्यामुळे कील गाळात रुततेच. १.४० मी. पाण्यात बसणारी नौका निर्धास्त जाते. १.६० मी.ची जपून जाते. १.८० मी.च्या नौकेने या वाटेचा विचार न केलेला बरा, मग छापील आकडे काहीही सांगोत. त्यात गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने नौका त्यात किंचित जास्त बुडते. सहा टनांच्या नौकेच्या बाबतीत हा फरक सुमारे एक सेंटीमीटर भरतो. तो घाबरण्याजोगा नाही, पण भरलेल्या डिझेलच्या टाक्या, पिण्याचे पाणी आणि डेकवरची डोलकाठी यांच्या वजनात त्याचीही भर पडते.

उंची मोजताना पाण्याच्या पातळीपासून सर्वांत उंच कायम वस्तूपर्यंत मोजायचे. ही वस्तू बहुधा विसरली गेलेली असते : सौरपट्ट्यांची कमान, पवनचक्कीचा खांब, मागच्या कठड्यावरचा अँटेना. कमानीच्या पुलांखाली मधली उंची आणि कडेची उंची यांत बराच फरक असतो. त्यामुळे उंचीबरोबर त्या उंचीवरची रुंदीही लिहून ठेवावी. मिदी कालव्यावर आणि बुर्गोन्यच्या ३.३ किमी. लांबीच्या पुयीच्या बोगद्यात याचा खरा कस लागतो.

डोलकाठी : सेनच्या मुखापासून रूआंपर्यंत मोठी समुद्री जहाजे येतात, म्हणून तिथवर डोलकाठी उभी ठेवता येते. रूआं शहरातले पूल ठेंगणे आहेत. तेव्हा ती ल हाव्र, होंफ्लर किंवा रूआं इथे क्रेनने उतरवायची आणि थेट भूमध्य किनाऱ्यावर पुन्हा उभी करायची. काही जण ती ट्रकने पाठवतात. डोलकाठी नौकेपेक्षा फार लांब असेल तर माझ्या मते तेच शहाणपणाचे आहे.

नौकेवर न्यायची तर लाकडी घोड्या आधीच बनवून ठेवाव्यात : एक नाळेवर म्हणजे पुढच्या टोकाला, एक मध्यावर आणि एक पिछाडीला. घोड्यांची उंची अशी असावी की डेकवरून वाकून का होईना चालता येईल, आणि सुकाणूवरच्या माणसाची नजर डोलकाठीच्या खालून किंवा वरून मोकळी राहील. नेमकी डोळ्यांसमोर आली तर आठवडेभर मान वाकडी करून बसावे लागते. घोड्यांना तिरप्या पट्ट्या मारायला विसरू नये. पडाव शेजारून गेला की नौका डोलते, आणि दीडशे किलोची डोलकाठी आडवी हलू लागली की सरळ पायांची घोडी कोलमडते.

उतरवण्याआधीचा एक तास पुढचे दोन दिवस वाचवतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या प्रत्येक तारेच्या टर्नबकलचे, म्हणजे तार ताणण्याच्या आट्यांच्या जोडाचे, वर आणि खाली किती आटे बाहेर दिसतात ते मोजून वहीत लिहावे. मग तारेला आणि डेकवरच्या तिच्या कडीला एकाच रंगाची फीत गुंडाळावी : डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी. पायथ्याशी येणाऱ्या विजेच्या वायरींना चिठ्ठ्या बांधाव्यात आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. आडवे दांडे, म्हणजे स्प्रेडर, काढून आत ठेवावेत. सुटे खिळे, पिना आणि कड्या एका डब्यात ठेवाव्यात आणि तो डबा केबिनमध्ये असावा, डेकवर नव्हे. तारा डोलकाठीलाच घट्ट बांधून वर जुनी चादर गुंडाळली की त्यांचा रात्रीचा खडखडाटही थांबतो.

दहा मीटरच्या नौकेची डोलकाठी बारा-तेरा मीटर असते. म्हणजे ती पुढे-मागे एक-दीड मीटर बाहेर येते. लॉकमध्ये खरा धोका या बाहेर आलेल्या टोकांना असतो. चढत्या लॉकमध्ये पाणी उसळून आत येते आणि नौकेला मागे-पुढे ढकलते. अशा वेळी पुढचे टोक दाराच्या आडव्या तुळईखाली शिरले, तर नौका वर येत राहते आणि टोक मात्र अडकून राहते. उतरत्या लॉकमध्ये धोका मागे असतो. वरच्या दाराच्या पायथ्याशी पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. पाणी उतरले की तो उघडा पडतो. सुकाणू त्यावर टेकले तर नौका पिछाडीने टांगली जाते. म्हणून भिंतीवरची उंबरठ्याची खूण पाहूनच थांबायचे आणि दोन्ही टोकांना लाल फडके बांधायचे. टोकांना जुन्या फोमची टोपी घातली तर दारांचेही रक्षण होते.

लॉकसाठी लागणारे सामान : दोन्ही बाजूंना मिळून निदान आठ मोठे फेंडर, म्हणजे भिंतीचा घासा झेलणाऱ्या रबरी उशा, त्यांच्यावर कापडी खोळी, कारण शेवाळलेली दगडी भिंत रबर खरवडते. फेंडरच्या बाहेरून एक जाड लाकडी फळी आडवी टांगली की खाचाखळग्यांच्या भिंतीलाही ती पुरते. मोटारीची टायर लावण्याचा मोह टाळावा. तुटून पडलेली टायर बुडते आणि दारात अडकते, म्हणून तिथे त्यांना विरोध आहे. वीस-वीस मीटरचे दोन मऊ दोर हवेत. चढताना दोर वरच्या खुंटाला वळसा घालून नौकेवर परत आणायचा आणि पाणी भरेल तसा ओढत राहायचे. उतरताना तो सोडत राहायचे. दोराला गाठ मारायची नाही, एकाही लॉकमध्ये नाही. उतरत्या लॉकमध्ये गाठीने बांधलेली नौका पाण्यावर न राहता दोराला लोंबकळते. लांब आकडी, हातमोजे आणि बांधायला जागा नसेल तेव्हा काठावर ठोकण्यासाठी दोन लोखंडी खुंट आणि घण एवढे बरोबर असले की काम भागते. छोट्या कालव्यांवर बरीच लॉक आता स्वयंचलित आहेत. काही ठिकाणी हातात रिमोट देतात, काही ठिकाणी पाण्यावर लोंबणारा दांडा जाता जाता पिरगाळायचा असतो.

इंजिन : तयारीतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग. समुद्रावर इंजिन बंदरात शिरण्यापुरते लागते. इथे ते रोज सहा-आठ तास चालते. ल हाव्र ते पोर-सँ-लुई हे अंतर तेराशे किमी.च्या आसपास आहे, आणि कालव्यांतली वेगमर्यादा बहुतेक ताशी ६ ते ८ किमी. लॉकबाहेर ताटकळण्याचा वेळ धरला तर इंजिनाचे दोनशे तास सहज भरतात. निघण्यापूर्वी तेल आणि फिल्टर बदलावेत, वाटेत पुन्हा एकदा बदलण्याची सोय ठेवावी, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचे रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारी पात्यांची चाके, निदान दोन जास्तीचे घ्यावेत.

इंजिन थंड करणारे पाणी बाहेरून येते आणि कालव्याच्या पाण्यात पाणवनस्पती, कुजलेली पाने आणि गाळ असतो. रोज संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर आतल्या गाळणीचे झाकण उघडावे. आधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मग झाकण फिरवायचे; आत हिरव्या लोकरीसारखा गोळा बसलेला असतो, कधी अख्खे चिनाराचे पान. बोटाने काढून, गाळणी धुऊन परत बसवायला पाच मिनिटे लागतात. हे काम टाळलेल्या नौका तापमानाचा भोंगा वाजल्यावर कालव्याच्या मधोमध थांबतात. डिझेलचे पंप काठावर क्वचितच असतात, म्हणून दोन कॅन आणि ते ओढायला चाकाची छोटी गाडी घ्यावी.

डोलकाठीबरोबर तिच्या टोकावरचे दिवे आणि रेडिओचा अँटेनाही खाली येतो. तात्पुरते दिवे आणि कठड्यावर लावायचा छोटा अँटेना आधीच जोडून पाहावा. ऱ्होनवर प्रत्येक लॉकशी रेडिओवरूनच बोलावे लागते. नांगर कालव्यातही तयार ठेवायचा, आणि नदीत तर नक्कीच : प्रवाहात इंजिन बंद पडले तर तोच ब्रेक.

कागदपत्रे व वेळ : नौका चालवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आणि त्यावर युरोपीय अंतर्देशीय जलमार्गांच्या नियमांची, म्हणजे सेव्हनीची, नोंद लागते. तिच्यासाठी छोटी परीक्षा असते; कालव्यावरच्या पाट्या आणि दिवे यांची भाषा समुद्रापेक्षा निराळी आहे. कालवे चालवणारी सरकारी संस्था व्हीएनएफ नौकेच्या मापानुसार पथकर घेते. विमा, नौकेची नोंदणी आणि मूल्यवर्धित कर भरल्याचा पुरावा जवळ असावा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचाच मिळतो, तेव्हा परदेशी राहणाऱ्या मराठी हौशी दर्यावर्दींनी दिवस मोजूनच निघावे.

हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालव्यांचे भाग बंद ठेवतात आणि त्याचे वेळापत्रक आधी जाहीर होते. कोरड्या उन्हाळ्यात पाणी वाचवण्यासाठीही ते बंद होतात. २०२२ च्या दुष्काळात तसे झाले. मे आणि जूनचा पूर्वार्ध हा सर्वांत भरवशाचा काळ. मात्र १ मे या कामगारदिनी लॉक बंद असतात.

सेन आणि ऱ्होन : या दोन नद्यांची तयारी वेगळी. रूआंपर्यंतची सेन भरती-ओहोटीची आहे आणि हौशी नौकांना तिथे रात्री चालण्यास मनाई आहे. म्हणून पहाटेच्या भरतीबरोबर ल हाव्र सोडून एकाच दिवसात रूआं गाठायचे गणित आधी मांडावे लागते. ऱ्होनला ल्योंपासून खाली बारा मोठी लॉक आहेत. त्यांतले बोलेनचे वीस मीटरहून अधिक खोल आहे. नौका त्यात उतरते तेव्हा वर आकाशाची चौकोनी फट उरते. तिथे दोर भिंतीतल्या तरंगत्या खुंटांना लावतात आणि ते पाण्याबरोबर खाली येतात. ऱ्होनच्या लॉकमध्ये जीवरक्षक जाकीट सक्तीचे आहे. नदीला पूर असेल तर वाट पाहावी. उत्तरेकडून वाहणारा मिस्त्राल वारा सुटला असेल तरीही.

पोर-सँ-लुईच्या शेवटच्या लॉकमधून नौका फोसच्या आखातात येते. बाहेरून चिकटलेले शिंपल्यांसारखे समुद्री जीव गोड्या पाण्यात मरून नौकेचा तळ एव्हाना साफ झालेला असतो. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे बळीचे धातू, म्हणजे नौकेचे इतर धातू गंजू नयेत म्हणून स्वतः झिजणारे तुकडे, लावले असतील तर ते इथे काढावेत, खाऱ्या पाण्यात ते भराभर झिजतात. मिस्त्रालमध्ये क्रेन काम करत नाही, म्हणून डोलकाठी उभी करण्यासाठी दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत. मग लाल फीत लाल कडीला, हिरवी हिरवीला, आणि वहीत लिहिलेले आटे मोजून तितकेच फिरवायचे.