२^१२७ − १ : भाग न देता ओळखलेली मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

दोनचा १२७वा घात वजा एक, एकूण ३९ अंक. संगणक नसताना, हाताने आकडेमोड करून मूळ ठरवलेली ही सर्वांत मोठी संख्या.

तिचा उल्लेख १६४४मध्ये पॅरिसचे धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या यादीत येतो. २^p − १ ही संख्या कोणत्या p साठी मूळ असते, हे त्यांनी २५७पर्यंत सांगून टाकले होते, पण सिद्धता दिली नव्हती. पुढे यादी चुकीची निघाली : ६७ आणि २५७ त्यात नको होते, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. १२७ मात्र बरोबर होता.

पण ते ठरवायचे कसे? एकेका संख्येने भाग देऊन पाहायचे म्हटले, तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे वीस अंकी संख्येपर्यंत जावे लागते. सेकंदाला कोटी भागाकार केले तरी चाळीस हजार वर्षे पुरणार नाहीत.

१८७६मध्ये फ्रेंच गणिती एदुआर लुका यांनी ही वाटच सोडली. (प्रोग्रॅमिंग शिकताना भेटणारे ‘टॉवर ऑफ हनोई’ हे कोडेही त्यांचेच. n चकत्या हलवायला किमान २^n − १ चाली लागतात!) त्यांच्या कसोटीला पुढे अमेरिकी गणिती डी. एच. लेमर यांनी सुटसुटीत रूप दिले. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, आलेल्या संख्येला २^p − १ ने भागून बाकी तेवढी ठेवा. हे p − २ वेळा केल्यावर शून्य उरले, तर संख्या मूळ. नाही उरले, तर संयुक्त. ३१ साठी (p = ५) करून पाहा : ४, मग १४, मग १९४ची बाकी ८, मग ६२ची बाकी शून्य. तीन पायऱ्यांत निकाल. p = १२७ साठी अशा १२५ पायऱ्या. आकडे अजस्र, पण माणसाच्या आवाक्यातले.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की विभाजक हाती न लागताही निकाल मिळतो. २^६७ − १ संयुक्त आहे हे लुकांनी त्याच वर्षी दाखवले. तिचे अवयव, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, अमेरिकी गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३मध्ये मांडले.

२^१२७ − १ मूळ ठरवून लुकांनी केलेला सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येचा विक्रम १९५१पर्यंत, तब्बल ७५ वर्षे टिकला. त्यानंतर संगणक आले, तरी पद्धत तीच राहिली. २०२४मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या ४,१०,२४,३२० अंकी संख्येवरही लुका-लेमर कसोटीनेच शिक्कामोर्तब झाले.

१२७ स्वतः २^७ − १ आहे, ७ म्हणजे २^३ − १, आणि ३ म्हणजे २^२ − १. ही साखळी १८७६मध्येच बेल्जियमचे गणिती यूजेन कातालान यांच्या लक्षात आली. तिची पुढची कडी, म्हणजे घातांकाच्या जागी आपली ३९ अंकी संख्या ठेवून मिळणारी संख्या, मूळ आहे का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. तिथे लुकांच्या कसोटीच्या पायऱ्याच ३९ अंकी होतात. त्यामुळे शोध पुन्हा विभाजकांकडे वळला आहे : तिला विभाजक असलाच, तर तो २k(२^१२७ − १) + १ याच साच्यातला असणार, म्हणून k ची एकेक किंमत घेऊन तपासणी चालू आहे.