पवनचक्कीची वीज कारखान्याला घ्यायचीय? अर्जाआधी बँकिंग समजून घ्या

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर आषाढात छत्री धरून उभं राहता येत नाही. मार्चमध्ये त्याच पवनचक्क्या कित्येकदा निवांत उभ्या दिसतात. पवनऊर्जेचा खरा खर्च या दोन दृश्यांच्या मधे आहे. देशपातळीवरच्या लिलावात पवनऊर्जेचा दर फेब्रुवारी २०१७ मध्ये युनिटला ३ रुपये ४६ पैसे निघाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात २ रुपये ६४ पैशांवर आला. म्हणजे वीज स्वस्त झाली, पण ती साठवणं स्वस्त झालं नाही. घाटघरला २५० मेगावॉटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज बनवतात. तिथंही चढवायला लागलेली सगळी वीज परत मिळत नाही.

छोट्या उद्योगाला असं धरण बांधता येत नाही. त्याची साठवण म्हणजे बँकिंग: जास्तीची वीज वितरण कंपनीच्या खात्यात जमा करायची, लागेल तेव्हा परत घ्यायची. ही सोय हरित ऊर्जा मुक्त प्रवेशाच्या, म्हणजे वितरण कंपनीच्याच तारांवरून दुसऱ्या उत्पादकाची हरित वीज घेण्याच्या, जून २०२२ च्या केंद्रीय नियमांत आहे.

पात्रता. वीजबिलावर ‘करार मागणी’ किंवा ‘मंजूर भार’ पाहा. तो १०० किलोवॉट किंवा जास्त हवा. एका जोडणीवर तेवढा नसला, तरी वितरण कंपनीच्या एकाच विभागातल्या तुमच्या जोडण्यांची बेरीज धरता येते. पूर्वी ही अट १ मेगावॉटची होती, त्यामुळे शीतगृहं, सूतगिरण्या, रुग्णालयं बाहेरच राहायची. स्वतःच्या वापरासाठीच्या प्रकल्पाला भाराची अट नाही. मात्र वापरणाऱ्यांची किमान २६ टक्के मालकी आणि निम्म्याहून जास्त वापर दाखवावा लागतो.

कागदपत्रं. ताजं वीजबिल, पॅन, कंपनीचा ठराव आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, वीजखरेदी करार, पवनचक्की सुरू झाल्याचं प्रमाणपत्र, मीटरचा तपशील एवढं हाताशी ठेवा. स्वतःचा प्रकल्प असेल तर भागधारणेचा सीएचा दाखलाही. बिलावरचं नाव आणि करारातलं नाव अक्षरशः जुळतंय का, ते आधी तपासा. ‘प्रा. लि.’ सुटलं तरी कागद परत येऊ शकतो.

अर्ज. देशाचं वीजजाळं सांभाळणाऱ्या ग्रिड इंडिया या सरकारी कंपनीच्या हरित मुक्त प्रवेश पोर्टलवर नोंदणी करून अर्ज भरायचा. तिथून तो संबंधित यंत्रणेकडे जातो. परिपूर्ण अर्जावर १५ दिवसांत निर्णय झाला नाही, तर तांत्रिक अटींच्या अधीन राहून तो मंजूर मानला जातो. म्हणून पोहोच जपून ठेवा.

आता पैशांचं. पवनचक्कीवाल्याने सांगितलेला दर म्हणजे तुमचा दर नव्हे. त्यावर पारेषण आणि वहन आकार (तारांवरून वीज आणण्याचं भाडं), क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांना स्वस्त वीज देण्यातला तुमचा वाटा), लागू असल्यास अतिरिक्त अधिभार (तुम्ही बाहेरून वीज घेतल्याने वितरण कंपनीच्या अंगावर पडणारा खर्च) आणि बँकिंगचा आकार चढतो. स्वतःच्या वापराच्या प्रकल्पाला हे दोन्ही अधिभार लागत नाहीत, आणि माझ्या मते खरी बचत तिथेच आहे.

बँकिंगचा हिशोब महिन्याचा असतो. केंद्रीय नियमांनुसार वितरण कंपनीकडून घेतलेल्या मासिक विजेच्या किमान ३० टक्के इतकी मुभा द्यावी लागते. समजा तुम्ही महिन्याला १ लाख युनिट घेता, तर ३० हजार युनिटपर्यंत बँकिंगचा हक्क धरा. जुलैतली शिल्लक दिवाळीच्या हंगामासाठी मात्र राखून ठेवता येत नाही. म्हणून करारावर सही करण्याआधी पवनचक्कीचे बारा महिन्यांचे उत्पादनाचे आकडे मागा आणि आपल्या बारा बिलांशेजारी ठेवून बघा.